एलियाहू, एलायजा, एलोजी: एका हिब्रू नावाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझा मुलगा आणि सून अमेरिकेत टेक्सास राज्यात राहतात. सून तिथलीच, ख्रिस्ती कुटुंबातली आहे. त्यांच्याकडे लवकरच बाळ येणार असून मुलगा झाला तर त्याचे नाव ‘एलायजा’ ठेवायचे असे दोघांनी ठरवले आहे. हे नाव हिब्रू आहे आणि सध्या तिकडे फार चालते, एवढेच मला सांगण्यात आले. त्याचा नेमका अर्थ काय, ते आले कोठून आणि ते खरोखरच इतके लोकप्रिय आहे काय? ज्या नावाचा अर्थ मला ठाऊक नाही त्या नावाने नातवाला हाक मारणे मला जड जाईल.
एक वाचिका, सातारा

उत्तर: ‘एलायजा’ हा इंग्रजी उच्चार आहे. हिब्रूत हे नाव ‘एलियाहू’ असे असून आलेफ, लामेद, योद, हे आणि वाव या पाच अक्षरांनी ते लिहिले जाते. मराठी बायबलात ते ‘एलीया’ या रूपात आढळते. नाव दिसायला छोटे असले तरी ते एक पूर्ण वाक्य आहे. ‘एल’ म्हणजे देव, ‘एली’ म्हणजे माझा देव, आणि ‘याहू’ हे इस्राएलाच्या देवाच्या चार अक्षरी नावाचे संक्षिप्त रूप होय. ते चार अक्षरी नाव यहुदी लोक आदरापोटी उच्चारत नाहीत. अभ्यासक ते साधारणपणे ‘याहवे’ असे वाचतात आणि मराठी बायबलात त्याच्या जागी बहुधा ‘परमेश्वर’ हा शब्द येतो. तेव्हा एलियाहू म्हणजे ‘माझा देव याहवे आहे’. मधल्या ‘इ’काराला काही अभ्यासक ‘माझा’ या अर्थाचा प्रत्यय न मानता केवळ जोडस्वर मानतात, आणि मग अर्थ ‘याहवे हाच देव’ असा होतो. दोन्ही अर्थांचा रोख एकच आहे.

या नावाचे दोन्ही घटक आपल्या कानांवरून पूर्वी गेलेले असतात. इस्राएल, दानिएल, गाब्रिएल, शमुवेल यांच्या शेवटी ‘एल’ आहे. यशया आणि यिर्मया या संदेष्ट्यांच्या मूळ हिब्रू नावांच्या शेवटी ‘याहू’ आहे. आणि वृत्तपत्रांतून रोज भेटणारे ‘नेतन्याहू’ हे नाव म्हणजे ‘याहवेने दिलेला’, आपल्याकडच्या देवदत्तासारखे. मात्र बहुतेक हिब्रू नावांत देवाच्या नावाबरोबर एखादी कृती किंवा गुण जोडलेला असतो: देवाने दिले, देवाने तारले, देव माझा न्यायाधीश. एलियाहू या नावात तसे काहीच नाही. ‘देव’ आणि ‘याहवे’ हे दोनच शब्द शेजारी ठेवले आहेत. हेच दोन घटक उलट्या क्रमाने ठेवले की ‘योएल’ हे दुसरे जुने हिब्रू नाव तयार होते आणि त्याचाही अर्थ ‘याहवे हाच देव’ असाच आहे.

हे वाक्य ज्या काळात एका माणसाचे नाव म्हणून उभे राहिले तो काळ समजून घेतल्याशिवाय त्यातले बळ ध्यानात येत नाही. इ.स.पू. नवव्या शतकात इस्राएलाचे उत्तरेकडील राज्य अहाब नावाच्या राजाच्या हाती होते. हा राजा ऐतिहासिक आहे. अश्शूरचा सम्राट तिसरा शल्मनेसेर याच्या शिलालेखात, इ.स.पू. 853 च्या कर्कारच्या लढाईच्या वर्णनात, त्याचा उल्लेख येतो. अहाबाची राणी ईजबेल ही सीदोनच्या राजाची मुलगी. तिच्या वडिलांचे नाव ‘एथबाल’, म्हणजे त्याच्या नावातच बाल या देवाचा वास होता. ईजबेलने बालाची उपासना राजाश्रयाने वाढवली, आणि तिला विरोध करायला यार्देन नदीपलीकडच्या गिलाद प्रदेशातून जो संदेष्टा आला त्याचे नाव होते एलियाहू, ‘माझा देव याहवे’. अशा वेळी नुसती ओळख करून देणे हीसुद्धा एक घोषणा होती.

येथे एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण नावांच्या अभ्यासात तो सहसा मागे पडतो. खुद्द अहाबाच्या मुलांची नावे अहज्या आणि योराम अशी आहेत. हिब्रूत ती ‘अहज्याहू’ आणि ‘यहोराम’ होतात. म्हणजे त्या दोन्ही नावांत याहवेच आहे. बालाचे मंदिर बांधणारा राजा आपल्या मुलांची नावे मात्र याहवेवरून ठेवत होता. त्या समाजात दोन्ही दैवते शेजारी शेजारी नांदत होती, याचा लेखी पुरावाही आहे. शोमरोन या राजधानीच्या उत्खननात 1910 मध्ये शाईने लिहिलेल्या खापऱ्या सापडल्या. तेल आणि द्राक्षारसाच्या आवकीच्या त्या साध्या नोंदी इ.स.पू. आठव्या शतकातल्या आहेत आणि त्यांत याहवेवरून ठेवलेली नावे आहेत, तशीच बालावरून ठेवलेलीही आहेत. लोक दोघांनाही मानत होते. एलियाहूचे म्हणणे असे होते की दोघांना मानता येणार नाही, एक निवडा. त्याचे नाव नेमके तेच सांगते, आणि म्हणून ते त्याला जन्मतः मिळाले होते की त्याच्या कार्यावरून पडले, असा प्रश्न काही वाचकांना पडतो. बायबलात याच नावाची आणखी काही सामान्य माणसे येतात, त्यामुळे ते प्रचारातले नाव होते असे धरायला हरकत नाही.

त्याची कथा बायबलातील राजांच्या दोन ग्रंथांत आहे. दुष्काळाची घोषणा करून तो करीथ ओहोळापाशी लपतो आणि कावळे त्याला अन्न आणून देतात. सारफथ गावच्या गरीब विधवेच्या घरी तो राहतो तोवर तिच्या मडक्यातले पीठ आणि कुपीतले तेल संपत नाही. कर्मेल डोंगरावर बालाच्या 450 संदेष्ट्यांसमोर तो यज्ञवेदी उभारतो, आकाशातून अग्नी उतरतो आणि जमलेले लोक ओरडतात, ‘परमेश्वर हाच देव आहे, परमेश्वर हाच देव आहे.’ लोकांच्या तोंडचे हे वाक्य म्हणजे जवळपास एलियाहू या नावाचाच अनुवाद होय. यहुदी लोक आपल्या सर्वांत मोठ्या उपवासाच्या, योम किप्पूरच्या, अखेरीस हेच वाक्य सात वेळा म्हणतात. या विजयानंतर एलियाहू खचतो, रानात जाऊन मरण मागतो, आणि होरेब डोंगरावर त्याला देवाची वाणी ऐकू येते ती वादळात, भूकंपात किंवा अग्नीत नव्हे, तर त्यांच्यानंतरच्या अगदी मंद स्वरात. पुढे नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा राजाने खून पाडून बळकावला, तेव्हा त्या राजासमोर जाऊन जाब विचारणाराही तोच. नातवाला पुढे कधी गोष्ट सांगायची झाली तर या दोन कथा आधी सांगाव्यात असे मी सुचवीन. अग्नीच्या कथेपेक्षा मला त्या अधिक मोलाच्या वाटतात.

कथेच्या अखेरीस एलियाहू मरत नाही. अग्निरथ आणि अग्नीचे घोडे दिसतात आणि तो वावटळीतून स्वर्गात जातो. मलाखी संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या शेवटी तो परत येईल असे वचन आहे. जो गेला पण मेला नाही तो केव्हाही दारात उभा राहू शकतो, आणि यहुदी घरातल्या चालीरीती या श्रद्धेभोवती गुंफल्या गेल्या आहेत. इजिप्तच्या गुलामीतून झालेल्या सुटकेच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या पेसाह सणाच्या रात्री त्याच्यासाठी द्राक्षारसाचा एक पेला भरून ठेवतात आणि दार उघडतात. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, संपताना त्याच्या नावाचे गीत म्हणतात. मुलाची सुंता आठव्या दिवशी होते आणि त्याच वेळी त्याचे नाव जाहीर केले जाते. त्या समारंभात एक खुर्ची एलियाहूसाठी राखून ठेवलेली असते. त्यामुळे यहुदी मुलाचे नाव दावीद असो की याकोब, ते त्याला मिळते एलियाहूच्या साक्षीनेच.

नावाच्या लेखनाविषयीही एक सुंदर परंपरा आहे. हिब्रू बायबलात या संदेष्ट्याचे नाव पाच ठिकाणी शेवटच्या वाव अक्षरावाचून, ‘एलिया’ असे येते; आणि इस्राएलांचा मूळपुरुष याकोब याचे नाव नेमके पाच ठिकाणी एक वाव अधिक घालून लिहिलेले आढळते. अकराव्या शतकातील थोर भाष्यकार राशी यांनी या पाठाचे स्पष्टीकरण नोंदवले आहे: याकोबाने एलियाहूच्या नावातले अक्षर तारण म्हणून ठेवून घेतले, आणि तो येऊन आपल्या वंशजांच्या मुक्तीची वार्ता देईल तेव्हाच ते त्याला परत मिळेल.

आता रूपांतरांकडे वळू. बायबलाच्या ग्रीक भाषांतरात नावाच्या शेवटी ‘स’ लागला, लॅटिनमध्ये ‘एलियास’ झाले आणि तेच युरोपभर गेले. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये त्यापासून ‘एलिस’ झाले, आणि एलियट, एलिसन ही आडनावे त्याच मुळाची आहेत. रशियनांनी ‘इल्या’ केले. अरबीत ‘इलियास’ झाले; कुराणात त्याचा उल्लेख दोन ठिकाणी येतो, आणि त्यांतील एका ठिकाणी ‘तुम्ही बालाला हाक मारता काय’ असा प्रश्न तो आपल्या लोकांना विचारतो. सोळाव्या-सतराव्या शतकांतील इंग्रज भाषांतरकारांनी जुना करार थेट हिब्रूवरून केला, तेव्हा मूळ ‘य’ साठी आलेले अक्षर पुढे इंग्रजीत ‘ज’ असे उच्चारले जाऊ लागले आणि ‘एलायजा’ हा उच्चार रूढ झाला. 1611 च्या राजाश्रित इंग्रजी बायबलात तर जुन्या करारात ‘एलायजा’ आणि ग्रीकवरून केलेल्या नव्या करारात ‘एलायस’ अशी एकाच माणसाची दोन नावे छापली गेली, आणि पुढे ती दोन स्वतंत्र नावे म्हणून वापरात आली.

प्रत्येक ठिकाणी नावाला तिथल्या मातीचा रंग चढला. दुष्काळ आणि पाऊस दोन्ही एलियाहूच्या शब्दावर आल्याची कथा आणि अग्निरथ यांमुळे स्लाव्ह लोकांनी त्याला मेघगर्जनेशी जोडले. दोन ऑगस्टचा त्याचा सण रशियन खेड्यांत वादळांचा दिवस मानला जाई. तुर्कस्तानात तो आणि खिज्र पीर यांची वसंतात भेट होते या श्रद्धेतून ‘हिदिरेल्लेझ’ हा सण आला. दोघांच्या नावांचा जोड करून बनलेल्या या सणाची नोंद युनेस्कोने 2017 मध्ये मानवी वारशाच्या यादीत केली. हैफा शहरातील कर्मेल डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्याच्या गुहेला यहुदी, ख्रिस्ती, मुसलमान आणि त्या भागातले द्रूझ पंथाचे लोक असे सगळेच मानतात. त्याच डोंगरावरच्या संन्याशांतून कार्मेलाइट हा ख्रिस्ती संघ उभा राहिला, जो एलियाहूला आपला आध्यात्मिक पूर्वज मानतो. सतराव्या शतकात हे कार्मेलाइट गोव्यात पोहोचले होते, आणि आपल्याकडील चर्च व शाळांच्या नावांतले ‘माउंट कार्मेल’ म्हणजे हाच डोंगर.

लोकप्रियतेविषयी आपल्याला मिळालेली माहिती खरी आहे. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा खात्याकडून दर वर्षी नवजात बाळांच्या नावांची क्रमवारी प्रसिद्ध होते. विसाव्या शतकाचा बराच काळ ‘एलायजा’ हे तिथे जुन्या वळणाचे नाव मानले जाई. 1990 च्या दशकापासून ते वर चढू लागले, 2016 मध्ये पहिल्या दहांत आले, 2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी चौथ्या स्थानावर होते, त्यानंतर पाचव्या आणि 2024 मध्ये आठव्या स्थानावर आले. याशिवाय ‘एलायस’ आणि ‘एलाय’ ही त्याचीच रूपे वेगळी मोजली जातात आणि तीही पहिल्या शंभरांत असतात. सर्व रूपे एकत्र धरली तर या नावाचा खरा प्रसार क्रमवारीत दिसतो त्याहून बराच मोठा ठरतो. जर्मनीत ‘एलियास’ हे रूप अलीकडच्या वर्षांत पहिल्या दहांत राहिले आहे. कारण कोणते, हे ठामपणे सांगता येत नसले तरी नोआ, एलायजा, इझेकिएल, आयझाया अशी जुन्या करारातली नावे एकाच लाटेत वर आलेली दिसतात, आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये ती पूर्वीपासूनच जिव्हाळ्याची होती. एखाद्या अभिनेत्यामुळे ही लाट आली असे म्हटले जाते. मला ते कारण अपुरे वाटते, कारण एका नावाची चढण तेवढ्याने उलगडेल, एका पिढीच्या सगळ्या नावांची नव्हे.

आपल्या पत्राच्या शेवटच्या वाक्याला माझे उत्तर असे आहे. हे एका देवावरच्या निष्ठेचे नाव आहे आणि तीन धर्मांनी ते आपले म्हणून जपले आहे. ते ठेवण्यासाठी कोणत्याही एका धर्माचे असावे लागत नाही, मात्र ते अर्थ जाणून ठेवावे आणि मुलालाही तो अर्थ सांगावा. आपण विचारलेत हेच मला योग्य वाटते. उच्चाराची अडचण मानू नये. ‘एलिया’ अशी हाक मराठी जिभेला सोपी आहे आणि मूळ हिब्रूला ती ‘एलायजा’पेक्षा अधिक जवळची आहे.

प्रश्न: आमच्या घरी असलेल्या एका जुन्या मोडी कागदात साक्षीदार म्हणून ‘एलोजी’ असे नाव आले आहे. वाचून देणाऱ्या गृहस्थांनी हे नाव यहुदी माणसाचे असावे असे सांगितले. मराठी ‘जी’ लागलेले नाव यहुदी कसे असेल? तसेच आमच्या तालुक्यातील खंडाळे गावाजवळच्या कातळावर ‘एलियाहूच्या घोड्याच्या टापा’ आहेत असे लहानपणापासून ऐकतो, त्याचा याच्याशी काही संबंध आहे काय?
एक वाचक, अलिबाग

उत्तर: संबंध आहे, आणि आपण विचारलेल्या दोन्ही गोष्टी एकाच समाजाकडे नेतात. कुलाबा, म्हणजे आजचा रायगड जिल्हा, आणि मुंबई येथे बेने इस्राएल हा मराठी भाषक यहुदी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आला. जहाज फुटून आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याची रीत यांमुळे गावात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावे त्यांनी गावांवरून घेतली: किहीमकर, रोहेकर, पेणकर, अष्टमकर, दिवेकर. आणि बायबलातली नावे त्यांच्या तोंडी मराठी वळणाची झाली. अब्राहामचा आबाजी, बेन्यामिनचा बनाजी, शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी, इसहाकचा इसाजी, आणि एलियाहूचा एलोजी. मुंबईत 1796 मध्ये या समाजाचे पहिले प्रार्थनालय बांधणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर हे आपल्या लोकांत सामाजी हसाजी दिवेकर म्हणूनच ओळखले जात.

‘जी’ हा आदरार्थी प्रत्यय आपण मराठा, कोळी, आगरी अशा सर्वांच्या नावांना लावत आलो; शेजारी राहणाऱ्या यहुदी माणसाला तो लागला नसता तरच नवल होते. मात्र आपल्या कागदाविषयी एक सावधगिरी सुचवतो. आबाजी किंवा बनाजी यांप्रमाणे काही रूपे इतर समाजांतही असतात, आणि यल्लमा देवीवरून पडलेली यल्लाप्पासारखी नावे मोडी लेखनात ‘एलोजी’च्या जवळ जाऊ शकतात. म्हणून केवळ एका नावावरून निष्कर्ष काढू नये. त्या साक्षीदाराचे वडिलांचे नाव, गाव, आणि ‘तेली’ किंवा ‘इस्राएल’ असा काही शब्द आजूबाजूला आहे का ते पाहावे. वडिलांचे नाव हसाजी किंवा सामाजी निघाले तर शंकेला फारशी जागा उरणार नाही.

एकोणिसाव्या शतकात ही मराठी वळणाची रूपे मागे पडू लागली. कोचीनहून आलेले यहुदी शिक्षक, मिशनऱ्यांच्या शाळा आणि छापील ग्रंथ यांमुळे समाजाचा हिब्रू ग्रंथांशी संबंध दाट झाला. पेसाहच्या रात्री वाचायचा ‘हग्गादा’ हा ग्रंथ हिब्रू आणि मराठी अशा दोन भाषांत मुंबईत 1846 मध्ये आणि पुण्यात 1874 मध्ये छापला गेला, यावरून मराठी ही या समाजाच्या उपासनेचीही भाषा होती हे दिसते. मूळ रूपे छापून हाती आल्यावर सामाजीचा सॅम्युएल आणि एलोजीचा एलायजा किंवा एलियाहू झाला. हे समजण्यासारखे आहे. तरीही एलोजी हे रूप कागदांपुरते उरावे याची मला खंत वाटते, कारण परक्या नावाला एखादी भाषा किती आपुलकीने घरात घेते याचे इतके नेमके उदाहरण क्वचित सापडते.

आता टापांविषयी. अलिबागजवळचे हे खंडाळे घाटमाथ्यावरच्या खंडाळ्याहून वेगळे आहे, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. एलियाहू येथे प्रकट झाला आणि येथूनच स्वर्गात गेला, त्या वेळी त्याच्या घोड्याच्या टापा आणि रथाच्या चाकांच्या खुणा कातळावर उमटल्या, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा आहे. त्या जागेला ते ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ म्हणतात. ‘हन्नाबी’ म्हणजे हिब्रू ‘हा-नावी’, तो संदेष्टा; उर्दू-अरबीतून आपल्याला परिचित असलेला ‘नबी’ हा त्याच कुळातला शब्द आहे. शेवात या हिब्रू महिन्याच्या पंधराव्या दिवशी, म्हणजे पौष किंवा माघ पौर्णिमेच्या सुमारास, यहुदी लोक वृक्षांचे नववर्ष पाळतात. बेने इस्राएलांनी तोच दिवस एलियाहूचा केला आणि त्याला ‘एलियाहू हन्नाबीचा उरूस’ असे नाव दिले. इतर देशांतील यहुद्यांमध्ये या दिवसाचा एलियाहूशी असा संबंध आढळत नाही.

याच भक्तीचा घरगुती विधी म्हणजे मलिदा. भिजवलेल्या पोह्यांत गूळ किंवा साखर, ओले खोबरे, वेलची आणि सुका मेवा घालून तो करतात, ताटात फळे आणि गुलाब ठेवतात, एलियाहूचे हिब्रू गीत म्हणतात आणि मग सर्वांना वाटतात. लग्न ठरले, नवस फेडायचा असला, नवे घर घेतले, कोणी दूरच्या प्रवासाला निघाले की मलिदा होतो. ‘उरूस’ आणि ‘मलिदा’ हे दोन्ही शब्द दर्ग्यांवरून परिचित आहेत, पोहे कोकणच्या भाताचे आहेत, गीत हिब्रू आहे आणि मागणी मराठीत आहे. ग्रंथ आणि धर्मगुरू यांच्यापासून शतकानुशतके दूर राहिलेल्या समाजाने सर्व संदेष्ट्यांतून नेमका हाच का धरून ठेवला, याचे कारण मला त्याच्या फिरस्तेपणात दिसते. ज्याला ठरावीक मंदिर लागत नाही आणि जो कोणाच्याही दारी येऊ शकतो, असा हा एकच संदेष्टा होता. समाजातील बहुतेक कुटुंबे 1948 नंतर इस्राएलला गेली, पण लोद, अश्दोद, दिमोना या गावांतील त्यांच्या घरांत अग्निरथातल्या एलियाहूचे चित्र अजून भिंतीवर असते आणि मलिदा अजून होतो.

प्रश्न: एली, एलियास, इलियास, इल्या, एलिशा आणि एलिएझर ही सर्व एकाच नावाची रूपे आहेत काय? ‘एली’ हे स्वतंत्र नाव आहे, असेही वाचले.
एक वाचक, पणजी

उत्तर: एलियास, इलियास आणि इल्या ही तिन्ही एलियाहूचीच रूपे आहेत. साहित्याचे नोबेल 1981 मध्ये मिळवणारे एलियास कनेटी, रोगप्रतिकारशक्तीवरील कार्यासाठी 1908 मध्ये नोबेल मिळवणारे इल्या मेच्निकोव्ह, चित्रकार इल्या रेपिन आणि अठराव्या शतकातील थोर यहुदी पंडित विल्नाचे गाओन एलियाहू हे या दृष्टीने एकाच नावाचे धनी होत. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीज वळणाचे ‘एलियास’ आणि कोकणी मुसलमानांत ‘इलियास’ असते, तेही हेच.

एलिशा आणि एलिएझर ही मात्र वेगळी नावे आहेत. त्यांच्या आरंभी तोच ‘एली’ असला तरी एलिशा म्हणजे ‘माझा देव तारण आहे’ आणि एलिएझर म्हणजे ‘माझा देव साहाय्य आहे’. एलिशा हा एलियाहूचा शिष्य, स्वर्गात जाताना त्याचा झगा ज्याच्याकडे राहिला तो.

‘एली’विषयी आपण वाचले ते अर्धे खरे आहे. एलियाहू नावाच्या माणसाला घरात एली म्हणतात. 1965 मध्ये दमास्कसला फाशी गेलेले इस्राएली हेर एली कोहेन यांचे पूर्ण नाव एलियाहू होते. एलिएझरचेही लघुरूप एलीच होते, म्हणून शांततेचे नोबेल मिळवणारे एली विझेल हे एलियाहू नव्हेत, एलिएझर होत. याखेरीज बाल शमुवेलाला ज्याने वाढवले तो बायबलातील याजक एली हा तिसराच. त्याचे नाव आलेफने नव्हे तर ऐन या अक्षराने सुरू होते, त्यात ‘देव’ हा शब्द नाही आणि त्याचा संबंध ‘उंच, वर’ या अर्थाच्या धातूशी जोडला जातो. देवनागरीत आणि रोमी लिपीत हा फरक पुसला जातो, हिब्रूत तो पहिल्याच अक्षरात दिसतो.

अशी गल्लत प्राचीन काळीही होत असे. मत्तयाच्या शुभवर्तमानात वधस्तंभावरचा येशू ‘एली, एली, लमा सबख्थनी’, म्हणजे ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’, असा आक्रोश करतो, तेव्हा जवळ उभे असलेल्यांपैकी काही जण म्हणतात, ‘तो एलीयाला हाक मारत आहे.’ संकटात सापडलेल्याच्या मदतीला एलियाहू धावून येतो ही श्रद्धा त्या काळी रूढ होती, म्हणूनच त्यांना तसे ऐकू आले.

मुलाचे कागदोपत्री नाव केवळ ‘एली’ ठेवायचे असेल तर या तिघांपैकी कोणता एली आपल्याला अभिप्रेत आहे हे आईवडिलांनी आधी ठरवावे आणि शक्य असल्यास पूर्ण रूपच नोंदवावे. घरात लघुरूप आपोआप पडते.